घोडबंदरला लहान मुलांचा दवाखाना टाकताय? मग हे वाचाच

घोडबंदर रोडला लहान मुलांचा दवाखाना टाकताय ना, अभिनंदन! टॉवरमधली बाळं येतीलच, पण तो टॉवर बांधणाऱ्यांचीही येणार, मालदा, बलांगीर, कलबुर्गी कुठून कुठून, त्यांच्यासाठी जरा वेगळी तयारी ठेवा.

पोर तपासायची घाई नको. आधी आधार मागा. नसेल तर भुवया चढवून "बंगालचे की पलीकडचे?" विचारा, टेबलावर बाळ तापाने फणफणलेलं असलं तरी देशाची सीमा राखायची जबाबदारी शेवटी बालरोगतज्ज्ञाचीच ना. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा योजनेचा लाभ अडवू नका असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय, पण ते तिकडे दिल्लीत, आपलं रिसेप्शन कासारवडवलीत.

आईला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. दुभाषा कशाला शोधताय, सोबत आठ वर्षांची ताई असतेच की. शी मधून रक्त पडतं का, आई अंगावर पाजते का, बाप पिऊन मारतो का, सगळं तिच्याच तोंडून विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिने आईला न विचारताच दिलं तर "हिस्ट्री नॉट रिलायबल" असं लिहा आणि पुढचा पेशंट आत घ्या.

दंडाचा घेर मोजायची पट्टी शक्यतो लावूच नका. ११.५ सेंटीमीटरच्या खाली भरला तर तीव्र कुपोषण, मग वेळ पडली तर ॲडमिट करा म्हणावं लागतं आणि आई म्हणते मुकादमाला विचारते. मग तुम्हीच विचारा ना त्याला, बिल तोच भरणार, घरातलं काय ते सगळं त्यालाच सांगून टाका.

आईचं वय मात्र चुकूनही विचारू नका हं. सतरा म्हणाली तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ खाली पोलिसांना कळवणं आलं, नाही कळवलं तर तुम्हालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, कळवलं तर नवरा आत, ती बाळासकट गायब आणि वस्तीतल्या बाकीच्या आयाही परत पायरी चढत नाहीत. आपणहून "अठरा" म्हणाली तर तसंच लिहा, बाळ चौदा महिन्यांचं असलं तरी वजाबाकी करत बसू नका. (हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका.)

जुलाब असतील तर झिंक १४ दिवस आणि ओआरएससाठी पाणी आधी उकळून गार करून, असं ठणकावून सांगा, पाणी टँकरचं आणि चूल एकच असली तरी. पाच दिवसांनी दाखवायला बोलवा. तोवर स्लॅब भरून झालेला असतो, ठेकेदार अख्खी गँग तळोज्याला हलवतो. फाइलवर लिहा: पालक निष्काळजी, फॉलोअपला आले नाहीत.