एल-१ व्हिसा : ‘कंपनी नोंदवा, ७ वर्षं जा’ हे अर्धसत्य

उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘इथलं युनिट बंद करा, अमेरिकेत कंपनी नोंदवा, मॅनेजरला एल-१ व्हिसावर ७ वर्षं न्या, ग्रीन कार्ड आपोआप.’ एल-१ म्हणजे कंपनीने आपलाच माणूस अमेरिकेतल्या आपल्या ऑफिसात पाठवण्याचा व्हिसा. मेसेजमधला ७ हा आकडा तेवढा खरा, तोही अर्धवट.

नव्या ऑफिससाठी पहिली मंजुरी १ वर्षाचीच मिळते. पुढे दोन-दोन वर्षांची मुदतवाढ. मॅनेजरला कमाल ७ वर्षं, कंपनीचं खास ज्ञान असलेल्या तंत्रज्ञाला ५. कालच भरती केलेला माणूसही चालत नाही. मागच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष त्याने अमेरिकेबाहेरच्या तुमच्याच कंपनीत काम केलेलं असावं लागतं.

सगळ्यात घातक सल्ला ‘इथलं बंद करा’ हा. अमेरिकेबाहेर किमान एका देशात धंदा चालू राहायलाच हवा. सगळीकडचं शटर ओढलं की एल-१चा पायाच गेला. मुदतवाढीच्या वेळी हाताखाली किती माणसं, त्यांचे पगार किती, हेही बघतात. मॅनेजर स्वतःच खोकी भरत असेल तर अवघड आहे.

ग्रीन कार्डचा अर्ज वेगळा. मॅनेजरच्या वर्गातून करायचा तर अमेरिकेतली कंपनी आधी किमान १ वर्ष चाललेली लागते. जोडीदाराला तिथे नोकरी करता येते, ही कामाची गोष्ट मात्र मेसेजवाल्याने सांगितलीच नाही!