दुर्मिळ कुणासाठी?

"गंभीर इजेनंतर डोळ्यात सापडणारे हे बॅक्टेरिया दुर्मिळ आहेत, सर्वसामान्यांनी काळजी करू नये" हे डोळ्याच्या इजेवरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही बघा. त्यातला बॅसिलस सिरियस नावाचा जंतू लॅबच्या रिपोर्टात क्वचित दिसत असेल, पण तो राहतो कुठं, तर मातीत, म्हणजे आमच्या वाळवा तालुक्यात पायाखालीच की. आमच्या भावकीतले आण्णा रानात पहारीवर हातोडा मारत होते, लोखंडाची बारीक कपची उडून डोळ्यात घुसली, रक्त नाही काय नाही, म्हणून मेडिकलमधनं ड्रॉप आणून घातला आणि जेवून झोपले. सकाळी डोळा टम्म, प्रचंड ठणका, मिरजेला नेलं तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, हाच निघाला. डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, ऑपरेशन करून कपची काढली, डोळा राहिला पण नजर गेली. हा जंतू नुसता वाढत नाही तर विष सोडतो, 24 ते 48 तासांत आतला पडदा खराब होऊ शकतो, मग औषधानं जंतू मेला तरी झालेलं नुकसान भरून येत नाही. काळजी करू नका कसं म्हणता हो?

आणि उसाचं पात लागून डोळा लाल होतो त्याचं काय? तिथं बऱ्याचदा बुरशी असते, त्यात कुणी न विचारता स्टेरॉइडचा ड्रॉप घातला की लाली उतरते, माणूस परत फडात जातो आणि बुरशी आत पसरत राहते. याच्याबद्दल लेखात एक ओळ नाही.