आत राहायचं की बाहेर लटकायचं?

जुन्या गोदामाचे किंवा कारखान्याचे फ्लॅट निघाले की जाहिरातीत तेच ते: उघड्या विटा, छताखालून गेलेले पाइप, दणकट लोखंडी खांब. दिसतं झकास, नाकारत नाही. पण अशा इमारतीत विटांचं कौतुक नंतर, आधी उजेडाचं बघावं. मालाला खिडकी लागत नाही, माणसाला लागते.

व्हिएन्नाचे गॅसोमीटर घ्या. १८९६ ते १८९९ मध्ये कोळशाचा गॅस साठवायला बांधलेले विटांचे चार अवाढव्य गोल, प्रत्येकी साधारण ७० मीटर उंच आणि ६० मीटर व्यासाचे. गॅस असायचा आतल्या लोखंडी टाकीत, बाहेरची देखणी भिंत म्हणजे नुसतं कवच. टाक्या काढल्या, कवच वारसा म्हणून राखलं आणि २००१ मध्ये आत बिऱ्हाडं आली. पण गोल भिंतीआड उजेड आणायचा कुठून? चार गोलांना चार वेगळे आर्किटेक्ट दिले होते. ज्याँ नुवेलनं घरांचे उभे, सुटे तुकडे केले आणि मधे फटी सोडल्या. त्या फटींतून जुनी वीट दिसते आणि चकचकीत धातूच्या दर्शनी भागांवरून उजेड आत परततो. शेजारच्या गोलाला कूप हिमेलब्लाऊनं बाहेरून ढालीसारखी वाकलेली नवी इमारतच टेकवली. ती ढाल मला आवडत नाही, पण तिच्यातल्या खिडक्या ऐसपैस आहेत!

माझं मत मात्र कोपनहेगनच्या सायलोला, म्हणजे माल साठवायच्या उंच, गोल कोठारांना. बंदरावरच्या दोन जुळ्या काँक्रीटच्या कोठारांना मोठमोठी भोकं पाडली असती तर तीच कमजोर झाली असती. सायलोचा जोर त्या अखंड गोल भिंतीत असतो. एमव्हीआरडीव्ही या डच आर्किटेक्ट मंडळींनी २००५ मध्ये सगळा मामला उलटा केला. घरं बाहेरून टांगली, आत जिने, लिफ्ट आणि वर पारदर्शक छत. प्रत्येक मजल्यावर फक्त दारापुरतं भोक. पाठीला जुनं काँक्रीट, पुढ्यात काच, रुंद बाल्कनी आणि पाणी. इमारतीनं जे करू दिलं नाही, त्यातूनच घराचा आकार निघाला.

ऑफिसांच्या टॉवरची घरं करणं यापेक्षा अवघड. लिफ्टपासून खिडकीपर्यंतचं अंतर इतकं, की मधला पट्टा अंधारातच. न्यूयॉर्कमध्ये काही ठिकाणी चक्क मजल्यांच्या मधून चौक कापून काढलेत. ज्यांना तो खर्च नको, ते लांबलचक बोळासारखे फ्लॅट पाडतात आणि बिनखिडकीच्या खोलीला कायद्यानं बेडरूम म्हणता येत नाही, म्हणून नकाशात ‘होम ऑफिस’ लिहितात. तिथे पलंगच पडणार, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.