परत एक हिरो, परत एक तिकीट

निवडणूक आली की या पक्षांचं सुरू होतं, कुठला तरी हिरो नाहीतर कॉमेडियन गळ्यात उपरणं घालून स्टेजवर, आणि खाली मोबाईल वर करून लोकांची ही गर्दी. अरे पण तो उभा कशासाठी राहतोय ते तरी विचारा ना कुणीतरी!

२००४ आठवतंय का? उत्तर मुंबईत राम नाईक, सलग पाच वेळा निवडून आलेला माणूस, लोकलच्या प्रवाशांसाठी आयुष्यभर भांडलेला, केंद्रात पेट्रोलियम मंत्री, आणि आपण त्यांना पाडून गोविंदाला दिल्लीला पाठवलं. २००९ ला तो उभाही राहिला नाही. म्हणजे पाच वर्षांत विषय संपला, आणि २०२४ ला परत दुसऱ्या पक्षात! गोविंदाच्या कॉमेडीवर माझं मनापासून प्रेम आहे हो, पण खासदारकी म्हणजे काय सिनेमाचं शूटिंग आहे का?

कलाकारांनी येऊच नये असं नाही म्हणत मी. सुनील दत्त होतेच की, १९८७ साली मुंबईहून अमृतसरपर्यंत चालत गेले शांततेसाठी, मतदारसंघाने पाच वेळा निवडून दिलं, जाईपर्यंत खासदार होते.

खरा राग पक्षांवर येतो. वीस वीस वर्षं सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता, ज्याला प्रत्येक चाळीतलं पाणी कधी येतं ते पाठ असतं, त्याला शेवटच्या दिवशी सांगतात की थांब, यावेळी चेहरा हवाय. मग त्याचा काय दगड आहे का?