मूल मोबाइलला दत्तक देताना

हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, 1956. सवड काढून एकदा वाचाच. दत्तक जाणाऱ्या मुलाची, रूढीचा अपवाद सोडला तर, पंधरा वर्षं पुरी झालेली नसावीत. होम केलाच पाहिजे असं नाही, पण मूल प्रत्यक्ष एकानं द्यावं आणि दुसऱ्यानं घ्यावं लागतं. तुमचा लेक चौदाचा असेल तर घाई करा. आमच्याकडे हा विधी वेळेत उरकला, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगायला बसलोय.

खरं तर चौदाव्या वर्षी मुहूर्त शोधणं म्हणजे उशीरच. सुरुवात ताटापासून करावी. पूर्वी एक घास चिऊचा, एक घास काऊचा म्हणत आज्या मुलाला कडेवर घेऊन अंगणभर फिरायच्या. अर्धी वाटी वरण-भाताला पाऊण तास. आता मोबाइल तांब्याला टेकवून उभा करा, सात मिनिटांत वाटी साफ. मूल चित्र बघत तोंड उघडतं, आपण न बघता घास घालतो. शिवाय एक हात मोकळा राहतो आणि त्यात आपला मोबाइल बसतो.

या मोकळ्या हाताचं महत्त्व ओळखा. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी खेळत असते, मग ठरवून दोन-तीन मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बोलत नाही, हसत नाही. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं आणि शेवटी तोंड फिरवतं. त्या आयांना बिचाऱ्यांना तसा चेहरा करायला सांगावं लागलं होतं. आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल पुढे ढकलताना कोणाही बापाला तो आपोआप जमतो. दोन-तीन मिनिटांत आटोपतं घेण्याचा कद्रूपणाही आपण करत नाही.

मग यथावकाश मोबाइल घेऊन द्यावा. कलम 17 सांगतं की दत्तकाच्या बदल्यात मोबदला देणं-घेणं चालत नाही. इथे ती अडचण नाही: मूलही आपलंच आणि बारा हप्तेही आपलेच. आमच्या वेळी तर काळानंच हात दिला. मार्च 2020मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासच मोबाइलवर आला. एका खिडकीत बीजगणिताच्या बाई, दुसऱ्या खिडकीत पबजी. त्या सप्टेंबरात सरकारनं पबजीवर बंदी घातली तेव्हा मी पावशेर पेढे आणले होते. पेढे संपायच्या आत चिरंजीव दुसऱ्या गेमवर रुजू झाले होते.

पण इतकं करूनही मूल पूर्ण सुटत नाही. एक चिवट धागा उरतो: ते मधूनच आपणहून येऊन काहीतरी सांगतं. 'बाबा, आज क्लासमध्ये ना...' एवढं कानावर आलं की सावध व्हा. इथे माया केलीत तर सगळी मेहनत पाण्यात. लगेच विचारा, 'टेस्टचे मार्क आले का?' तेवढ्यानं भागलं नाही, तर शेजारच्या मुलीचे मार्क सांगा. आणि तरीही ते बोलत राहिलं, तर रामबाण उपाय आहे. जे सांगेल ते नीट ऐकून घ्या आणि त्याच्याचविरुद्ध वापरा.

आमच्या चिरंजीवांनी नववीत असताना एकदा सांगितलं की क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी त्याच्या फोटोचं स्टिकर केलंय आणि सगळे तेच पाठवतायत. मी आधी स्टिकर बघून हसलो. (चांगलं जमलं होतं, खोटं कशाला बोलू?) मग म्हटलं, 'मोबाइल हवाच कशाला तुला?' आणि आठ दिवस तो कपाटात कुलूपबंद. हिनं क्लासच्या सरांना फोन लावला. पुढच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीत पंगतीला मी हा किस्सा रंगवून सांगितला, मामांना ठसका लागला. त्या दिवसापासून मुलानं आम्हाला कुठल्याही गोष्टीचा त्रास दिलेला नाही. 'कसं चाललंय?' 'ठीक.' 'क्लास?' 'ठीक.' घरात इतकी शांतता की फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

स्वीडनमधल्या हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी 2000 साली चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास छापला. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं, ते पाळत ठेवून किंवा खोदून विचारून फारसं मिळत नाही. मुख्यतः मुलंच आपणहून सांगतात म्हणून कळतं, असं त्यांना आढळलं. असली माहिती घरात फिरकू देऊ नका. त्यापेक्षा पाळतीचं ॲप घ्या. मी घेतलं. ते बसवताना मला दोनदा अडायला झालं, तेव्हा चिरंजीवांनीच येऊन बसवून दिलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. आता रोज रात्री मला आकडा येतो: चार तास बारा मिनिटं. कशाचे, कोणाशी, का, ते येत नाही. पण आकडा अगदी वेळेवर येतो.

आकड्यांची आवडच असेल तर मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांची इंटरनेटचं व्यसन मोजणारी 1998ची वीस प्रश्नांची चाचणीही आहे. 'तुम्ही ऑनलाइन किती वेळ घालवता याबद्दल जवळची माणसं तक्रार करतात का?', 'ऑनलाइन असताना कोणी मध्ये आलं तर तुम्ही खेकसता का?' अशा धर्तीचे प्रश्न. ही चाचणी नेहमी मुलाच्या नावानं भरावी. हिनं एकदा गंमत म्हणून माझ्या नावानं भरली. तो कागद मी रद्दीत घातला.

शाळेत पालकांसाठी व्याख्यान ठेवतात, त्याला जरूर जा. आम्ही गेलो होतो. वक्ते सांगत होते की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती यादी 1 जानेवारी 2022पासून लागू झाली, आणि निदानासाठी साधारण बारा महिन्यांचं वागणं बघतात. सभागृहातल्या निम्म्या पालकांना हे काही ऐकू गेलं नसावं, कारण ते व्याख्यानाचं रेकॉर्डिंग करत होते. उरलेल्या निम्म्यांनी मागून घेतलं. मीही घेतलं. बघायचंय अजून.

एका गावापासून मात्र जपून राहा. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि त्यानंतरचा दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांपुरतं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यात मोठी माणसंही धरली! दिवसभर राबून आलेल्या माणसानं सात ते साडेआठ करायचं काय? समोर मूल बसलेलं, हातात काही नाही. बोलायचं म्हटलं तर विषय कुठून आणायचा? आमच्या सोसायटीत कोणी असा भोंगा सुचवलाच, तर ध्वनिप्रदूषणाच्या मुद्द्यावर हरकत घ्यायची असं मी ठरवून ठेवलंय.

आणि धास्ती नको. कलम 15 म्हणतं, रीतसर झालेलं दत्तक कोणालाही मोडता येत नाही. तरी कधीतरी माहेरची आठवण यावी तसं होतं, त्याची तयारी ठेवा. मागच्या मंगळवारी रात्री आमच्याकडे वीज गेली. वायफाय गेलं, चिरंजीवांचा डेटाही संपलेला. अंधारात खोलीचं दार वाजलं आणि तो बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, 'बाबा, एक विचारू?'

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. सोसायटीचा ग्रुप: 'तुमच्याकडे पण गेली का?' मी म्हटलं, 'एक मिनिट हं.' 'हो' लिहिलं. पाटकरांनी विचारलं, फेज गेलाय की पूर्ण? मी बाल्कनीत जाऊन समोरची बिल्डिंग बघून आलो, लिहिलं, 'पूर्ण.' दोघांनी अंगठे दिले. कोणीतरी कंदिलाचा विनोद टाकला, तो मी फॅमिली ग्रुपवर पुढे पाठवला.

दिवे आले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती आणि खोलीचं दार लागलेलं होतं. मी ग्रुपवर टाकलं, 'आली.'