‘एक विप्रो घ्या आणि विसरा’: खान्देशात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: ‘१९८० साली अमळनेरच्या ज्या माणसाने विप्रोचे १०० शेअर दहा हजारांना घेतले, तो आज ५०० कोटींच्या वर आहे. एक चांगला शेअर घ्या आणि विसरून जा. ते जमत नसेल तर जळगावचं सोनं घ्या, सोनं कधी पडत नाही. एफडी, बाँड, रोकड म्हणजे पैसा सडवणं. चार ठिकाणी पैसे वाटायला सांगणारे आपलं कमिशन बघतात.’

२०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेल्यापासून हा मेसेज वाचून माणसं एफडीच्या पावत्या मोडू लागली आहेत. त्यात मुलीच्या शिक्षणाच्या पावत्या आहेत, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेल्या आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

‘१०० शेअरचे ५०० कोटी झाले’

हे गणित बरोबर आहे, आणि ते नाकारण्यात काहीच अर्थ नाही. १९८१, १९८५ आणि १९८७ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक फुकट. त्याच सुमारास १०० रुपयांच्या शेअरचे १० रुपयांचे दहा झाले. १९९२, १९९५ आणि १९९७ चे बोनस, १९९९ मध्ये एकाचे पाच, मग २००४, २००५, २०१०, २०१७, २०१९ आणि डिसेंबर २०२४ चे बोनस. गुणत गेलं की १९८० चे १०० शेअर आज अडीच कोटींच्या वर होतात. एका शेअरला २०० रुपये धरले तर ५०० कोटींच्या वर आकडा जातो. अमळनेरात ज्यांनी हे शेअर जपले त्यांचं कौतुकच आहे.

पण १९४५ च्या अमळनेरात जाऊन बघा. ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ म्हणजे आजची विप्रो, ही वनस्पती तूप काढणारी नवीकोरी कंपनी तेव्हा नुकती उभी राहत होती. त्याच गावात प्रताप शेठजींची प्रताप मिल होती. हजारो हातांना काम होतं, भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं, शेठजींच्या दानातून तत्त्वज्ञान मंदिर आणि कॉलेज उभं राहिलं होतं. त्या दिवशी गावातल्या शहाण्या माणसाला विचारलं असतं की पैसा कुठे सुरक्षित राहील, तर दहातल्या नऊ जणांनी मिलकडे बोट दाखवलं असतं. मिल बंद पडली. तेलाची कंपनी पुढे संगणकात गेली. १९६६ मध्ये ती उभी करणारे वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परत आले, तेव्हा ती पुढे काय करणार हे त्यांना तरी कुठे माहीत होतं?

आणि मिल फक्त अमळनेरचीच गेली असं नाही. जळगावची खान्देश मिल गेली, धुळ्याची न्यू प्रताप गेली, चाळीसगावची गिरणी गेली. एकेकाळी या सगळ्या ‘चांगल्या कंपन्या’ होत्या. त्यांच्या नावाचा मेसेज कुणी फिरवत नाही, कारण बुडालेल्याची गोष्ट सांगायला कुणाला आवडत नाही. गाव एक, काळ एक, कंपन्या दोन. मेसेज त्यातली एकच दाखवतो.

मुंबईतही तेच झालं. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाच्या यादीत प्रीमियर ऑटोमोबाइल्स, हिंदुस्थान मोटर्स, बल्लारपूर इंडस्ट्रीज होत्या. देशातल्या निवडक तीस कंपन्यांची ती यादी. त्या तिघींच्या भरवशावर कुणी ‘विसरून’ बसलं असतं तर त्याची आज काय गत असती? सेन्सेक्स मात्र पुढे गेला, कारण खचलेली कंपनी त्यातून काढतात आणि वर आलेली आत घेतात. म्हणूनच साध्या माणसाला शेअर बाजारात जायचं असेल तर मी सगळा निर्देशांक घेणारा इंडेक्स फंड सांगतो. त्यातून ५०० कोटी होणार नाहीत, पण पुढची विप्रो कोणती हे ओळखायचीही गरज पडत नाही.

‘घ्या आणि विसरून जा’

फेब्रुवारी २००० मध्ये विप्रोचा शेअर नऊ हजारांच्या वर होता. पुढच्या वर्ष-दीड वर्षात तो ऐंशी टक्क्यांहून जास्त पडला. बोनस वगैरे सगळं जमेस धरून ती जुनी उंची पुन्हा गाठायला जवळपास वीस वर्षं लागली. १९८० चा माणूस तरीही श्रीमंत राहिला. पण २००० मध्ये गावची कंपनी म्हणून, शेजाऱ्याचं बघून जो आत शिरला, त्याने वयाच्या चाळिशीत पैसे घातले आणि साठीत ते परत मिळवले, वर थोडा लाभांश. मेसेजमध्ये तो माणूस नाही. आज मेसेज वाचून पैसे घालणारा जास्त करून त्याच्याच जागी उभा असतो, १९८० वाल्याच्या नव्हे.

‘सोनं कधी पडत नाही’

जळगावच्या सराफ बाजाराचं नाव देशभर आहे आणि ते सचोटीवर मिळालेलं आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून लोक लग्नाचं सोनं घ्यायला इथे येतात. पण बाजाराची सचोटी आणि भावाची दिशा यांचा संबंध नाही. भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कात, डॉलरवर आणि दिल्लीतल्या आयात शुल्कावर. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा एका दिवसात तोळ्यामागे काही हजार उतरले. आदल्या दिवशी घेतलेलं सोनं कितीही शुद्ध असलं तरी दुसऱ्या दिवशी स्वस्तच होतं.

‘भाऊ, सोनं कधी बुडस का?’ असं आमच्याकडची म्हातारी माणसं विचारतात. बुडत नाही, हे खरं. पण ते झोपतं, आणि वर्षानुवर्षं झोपतं. १९९६ मध्ये १० ग्रॅमला सुमारे ५,१०० रुपये होते, २००० मध्ये ४,४००. त्या चार वर्षांत महागाई थांबली नव्हती. २०१२ मध्ये भाव ३१,००० च्या आसपास, २०१५ मध्ये २६,००० ते २७,०००. तेच ३१,००० रुपये २०१२ मध्ये साध्या बँकेत साडेआठ टक्क्यांनी ठेवले असते तर तीन वर्षांत ४०,००० च्या आसपास झाले असते. ऑगस्ट २०२० मध्ये सोनं ५६,००० ला लागलं आणि मार्च २०२१ मध्ये ४४,००० वर आलं. त्या ऑगस्टमध्ये शेवटची पावती मोडून सोनं घेतलेल्या माणसाला मार्चमध्ये दवाखान्यासाठी पैसा लागला असता तर?

दुसरं म्हणजे, मेसेज सोनं म्हणतो आणि माणसं दागिना घेतात. लाखाचं सोनं, त्यावर १० टक्के मजुरी धरली तर १,१०,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,१३,३०० रुपये गेले. मोडायला गेल्यावर मजुरी आणि कर दोन्ही गेले, खड्यांचं वजन वजा, काही ठिकाणी घट वेगळी. भाव तेरा टक्क्यांहून जास्त चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. दागिना अंगावर घालायला घ्या, आनंदाने घ्या, हॉलमार्कचा एचयूआयडी क्रमांक बघून घ्या. पण बायकोच्या अंगावरचं सोनं गुंतवणुकीच्या हिशेबात धरू नका. अडचणीत ते तिच्याकडे मागावं लागतं, आणि ते मागणं किती जड असतं हे आपल्या घराघरात माहीत आहे.

गुंतवणूक म्हणून सोनं हवं असेल तर गोल्ड ईटीएफ आहेत, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे सोन्याचे फंड. सरकारी सुवर्ण रोख्यांवर भावाच्या वाढीशिवाय मूळ किमतीवर अडीच टक्के व्याज मिळायचं. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत, जुने मात्र शेअर बाजारात विकत मिळतात. सोन्याचा खरा गुण वेगळाच आहे: बाकी सगळं पडत असताना ते बहुतेक वेळा उभं राहतं. तो गुण उपयोगी पडायचा तर सोन्याशिवाय बाकीचं काहीतरी जवळ असायला हवं.

‘एफडी, बाँड, रोकड म्हणजे पैसा सडवणं’

या वाक्यामागे आपल्या भागाची एक जखम आहे, ती आधी मान्य केली पाहिजे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकून म्हातारपण वाया गेलेली माणसं गावोगाव सापडतात. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून निवृत्तीचा अख्खा पैसा एका संस्थेत ठेवला, आणि एका सकाळी शटर खाली. तेव्हापासून ‘ठेव’ म्हटलं की लोक बिचकतात.

पण तिथे बुडवलं ते दोन गोष्टींनी: सगळा पैसा एकाच जागी, आणि ती जागा विम्याबाहेर. ठेव विमा महामंडळ बँकेतल्या ठेवीला संरक्षण देतं, नागरी सहकारी बँकेलाही देतं. फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा एका बँकेत एका माणसाला व्याजासकट ५ लाख आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही, मल्टिस्टेट पतसंस्थेलाही नाही. पाटी कितीही मोठी असो, पहिला प्रश्न हाच विचारायचा: ही बँक आहे की पतसंस्था? बँक असेल तर पाच लाखांच्या वरचा पैसा दुसऱ्या बँकेत.

बाँडचं, म्हणजे रोख्यांचंही तसंच. सरकारी रोखे, रिझर्व्ह बँकेचे सात वर्षांचे बदलत्या दराचे बचत रोखे (त्यांचा दर एनएससी म्हणजे राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्क्याने जास्त असतो), पोस्टातली ही एनएससी, साठी ओलांडलेल्यांसाठी ३० लाखांपर्यंतची ज्येष्ठ नागरिक योजना, या एका रांगेतल्या वस्तू आहेत. जास्त व्याज दाखवणारे खासगी कंपन्यांचे रोखे वेगळ्या रांगेतले. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीने कर्जरोख्यांच्या सहा योजना एकदम बंद केल्या आणि लोकांचे पैसे बराच काळ अडकून राहिले. घरातला हा भाग झोप लागावी म्हणून असतो, तिथे दोन टक्क्यांच्या मोहात पडू नये.

रोकडीबद्दल तर शेतकऱ्याला मी सांगायची गरज नसावी, पण सांगतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० च्या पुढे गेला. पुढच्या वर्षी तोच भाव पुन्हा येईल म्हणून खान्देशात घराघरांत कापूस भरून ठेवला गेला, खोल्या भरल्या, अंगाला खाज सुटली, आणि भाव सात-आठ हजारांवर उतरला. ज्याच्याकडे बी-बियाण्यापुरती रोकड होती तो निदान कधी विकायचं हे स्वतः ठरवू शकला. ज्याच्याकडे नव्हती त्याला पेरणीच्या तोंडावर मिळेल त्या भावात विकावा लागला. रावेर-यावलमध्ये मे-जूनच्या वादळात केळीचा बाग एका संध्याकाळी आडवा होतो. तेव्हा पुढच्या लागवडीचा पैसा शेअरमध्ये अडकलेला असेल आणि शेअरही त्याच महिन्यात पडलेला असेल तर काय करणार? शेतकऱ्याने एका हंगामाचा खर्च आणि घरखर्च बँकेत मोकळा ठेवावाच. त्याची जमीन आणि पीक हीच मुळात एका जागी अडकलेली मोठी गुंतवणूक आहे.

‘चार ठिकाणी वाटणं म्हणजे कमिशनचा धंदा’

चार ठिकाणी का, याचं उत्तर आकड्यांत आहे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर होता, मार्च २००९ मध्ये सव्वाआठ हजारांच्या आत. त्याच काळात आपल्याकडे रुपयातलं सोनं चढलं. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२,००० जवळ, २३ मार्चला २६,००० च्या खाली, आणि सोनं त्याच वर्षी उच्चांकावर. उलट २०१२ नंतर सोनं झोपलं तेव्हा शेअर वाढले. यातलं कोणतं वर्ष कधी येणार हे आधी कळत नाही.

हॅरी ब्राउन नावाच्या अमेरिकी सल्लागाराने यावर सोपी मांडणी केली: शेअर, लांब मुदतीचे सरकारी रोखे, रोकड आणि सोनं, प्रत्येकी २५ टक्के. भरभराटीत शेअर, महागाईत सोनं, व्याजदर कोसळले की रोखे, पैशाची टंचाई आली की रोकड. एखादा भाग ३५ टक्क्यांच्या वर किंवा १५ च्या खाली गेला की पुन्हा समान करायचं. समजा १२ लाख आहेत, प्रत्येकी ३. काही वर्षांनी सोन्याचे ६ झाले, शेअर साडेतीन, रोखे ३.३, रोकड ३.२. एकूण १६, आणि सोनं साडेसदतीस टक्के. मग २ लाखांचं सोनं विकून ५० हजार शेअरमध्ये, ७० हजार रोख्यांत, ८० हजार रोकडीत. म्हणजे सगळा गाव सोनं घ्यायला धावतो तेव्हा तुम्ही थोडं विकता, आणि कुणी विचारत नसतं तेव्हा घेता. हे मनाला जड जातं, म्हणून टक्के आधी कागदावर लिहून ठेवायचे.

पंचवीस-पंचवीस सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणणार नाही. निवृत्त शिक्षकाचा रोख्यांचा भाग मोठा असावा, पंचविशीतल्या नोकरदाराचा शेअरचा. सोनं मात्र कुणाच्याही हिशेबात पावापेक्षा जास्त असू नये असं माझं ठाम मत आहे.

कमिशनची शंका खोटी नाही. गुंतवणूक म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण म्युच्युअल फंडांत २०१३ पासून ‘डायरेक्ट’ योजना आहेत, त्यात एजंटाला काही जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ संकेतस्थळावर २०२१ पासून घरबसल्या, विनाशुल्क खातं उघडून दहा हजारांपासून सरकारी रोखे घेता येतात. एनएससी तर गावच्या पोस्टात मिळते.