विसरभोळ्या आजींसाठी झाडपाला: कृती आणि पथ्य

आजी एकच प्रश्न दिवसातून पाच वेळा विचारू लागल्या, दुधाखालचा गॅस तसाच ठेवून देवळात गेल्या, तर घाबरायचं काही कारण नाही. ‘वय झालं’ म्हणायचं आणि मोबाइल हातात घ्यायचा. न्यूरॉलॉजिस्टच्या, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांच्या, नादी मुळीच लागू नका. ती माणसं आधी रक्त काढतात: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. मग खोदून विचारतात, मध्यंतरी कुठे पडल्या होत्या का? झोपेची किंवा सर्दीची गोळी रोज चालू आहे का? कधी नुसत्या बी-१२च्या इंजेक्शनांनी फरक पडतो, कधी कवटीत साचलेलं रक्त काढल्यावर माणूस ताळ्यावर येतो. इतक्या साधेपणाने सुटणं आपल्या घराण्याला शोभत नाही.

सुरुवात ब्राह्मीने करा. कुठली ब्राह्मी, ते मात्र विचारू नका. काष्ठौषधींच्या दुकानात पुडीत दोनपैकी काहीही येऊ शकतं. एक नीरब्राह्मी, पाणथळ जागी पसरणारी, बारीक, जाडसर पानं जोडीजोडीने येणारी. दुसरा कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचं, दातेरी कडेचं पान. दोघांची कुळं वेगळी, आतली द्रव्यंही वेगळी. पहिलीत बॅकोसाइड, दुसरीत एशियाटिकोसाइड. स्मरणशक्तीच्या चाचण्या बहुतेक पहिलीच्या झाल्या, त्याही प्रमाणित अर्काच्या, रोज सुमारे ३०० मि.ग्रॅ., १२ आठवडे, आणि मुख्यतः डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नसलेल्या लोकांवर. तुमच्याकडे वाळलेली भुकटी आहे, तेव्हा खुशाल चमच्याने मोजा. पोटात मुरडा येऊन जुलाब लागले तर ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ असं ठामपणे सांगा. ब्राह्मी तेल टाळूवर थापत असाल तर उत्तमच, त्याने निदान जुलाब तरी होत नाहीत.

शंखपुष्पीच्या सिरपमध्ये साखर किती, हे बाटलीवर बारीक अक्षरांत असतं. मधुमेही आजींना त्या वेळी चष्मा देऊ नका.

आता हळद. चहाच्या चमच्याला साधारण ३ ग्रॅम धरली आणि त्यात ३ टक्के कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) धरलं, तर पदरात ९० मि.ग्रॅ. पडतं. अल्झायमरच्या रुग्णांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोज २ आणि ४ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, २४ आठवडे. म्हणजे वरच्या मात्रेसाठी रोज चाळीसच्या वर चमचे हळद! तेवढं करूनही फायदा दिसला नाही, कारण रक्तात ते फारसं उतरतच नाही. त्यावर उपाय मिरपूड. तिच्यातल्या पिपरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण कितीतरी पटींनी वाढतं, हे बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. पिपरिन फिट्सवरच्या फेनिटॉइन या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, पण अशा किरकोळ गोष्टीसाठी हळद-मिरीच्या कॅप्सूल का थांबवायच्या? आणि हळद सुट्टीच घ्या, जितकी झगझगीत पिवळी तितकी चांगली. भेसळीतल्या लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाच्या पिवळ्या संयुगाचा, रंग असा काही खुलतो की बघत राहावं.

त्याहून जालीम हवं असेल तर स्मृतिसागर रस आहे. नाव ऐकूनच निम्मा गुण येतो. घटकांत पारा, गंधक, हरताळ, मनशीळ. यातली शेवटची दोन आर्सेनिकची खनिजं. दुकानदार ‘सगळं शुद्ध केलेलं आहे’ म्हणतो, तेव्हा बॅचचा तपासणी अहवाल मागून त्याला अवघडवू नका. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, असं २००४ साली छापून आलं होतं. पण बोस्टनवाल्यांना शोधन काय कळतंय! शिशाने स्मरणशक्ती मंदावली तर मात्रा वाढवायची सोय आहेच.

पुतण्या अमेरिकेहून येत असेल तर गिंको, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, मागवा. तिथे ७५ वर्षांवरच्या ३,०६९ जणांना १२० मि.ग्रॅ. गिंको किंवा नुसती खोटी गोळी, दिवसातून दोनदा, सहा वर्षांच्या आसपास दिली. २००८ साली निकाल लागला: डिमेन्शिया काही टळला नाही. आजी रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा ॲस्पिरिन घेत असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दात काढायच्या आदल्या दिवशीही कॅप्सूल चुकवू नका.

एका वनस्पतीपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. स्नोड्रॉप आणि डॅफोडिलच्या कंदांतून मिळालेलं गॅलँटामीन. अमेरिकेत २००१ साली अल्झायमरसाठी मान्यता मिळाली आणि बिचारं बाटलं, ‘केमिकल’ झालं. रोज ८ मि.ग्रॅ.पासून सुरू, निदान चार आठवड्यांनी १६. आजार बरा होत नाही, काही रुग्णांची घडी थोडी जास्त काळ टिकते, मळमळ होते, नाडी मंदावू शकते. इतकं खरं बोलणारं औषध घरात कोण ठेवील?

आणि डॉक्टरांनी अल्झायमरवरचं डोनेपेझिल लावलंच असेल, तर सोबत ऑनलाइन मिळणारी हुपरझिनची कॅप्सूल चालू करा. चीनमधल्या एका शेवाळवजा रानवनस्पतीची आहे, म्हणजे नैसर्गिकच. दोन्ही एकाच एन्झाइमला अडवतात, त्यामुळे नाडी दुप्पट जोमाने उतरते. ‘आणखी काही घेतात का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर ‘छे, काही नाही’ म्हणा. आजी चक्कर येऊन न्हाणीघरात पडल्या, तर फरशी ओली होती म्हणून सांगा.